गोळ्यांच्या डब्यापासून सुरुवात : कोकणातल्या ज्येष्ठांमधली व्यसनाची जोखीम कशी जोखायची

गावात नव्याने घरभेटी सुरू केलेल्या आशाताई, आरोग्य उपकेंद्रावर नुकतेच रुजू झालेले समुदाय आरोग्य अधिकारी, ज्येष्ठ नागरिक संघाचे स्वयंसेवक, आणि गणपतीला घरी आल्यावर 'बाबांचं काहीतरी बिघडलंय' एवढंच जाणवून परत मुंबईला गेलेले मुलगे-मुली, अशा सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. निदान करणं हे डॉक्टरांचं काम. आपलं काम त्याच्या आधीचं असतं : कोणाला धोका आहे, कशामुळे आहे, आणि त्यांना आज गाडीत घालून न्यायचं की पुढच्या आठवड्यात केंद्रावर नेलं तरी चालेल, एवढं ठरवायचं.

व्यसन म्हटलं की नाक्यावर झिंगून पडलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. साठी उलटल्यावरचा धोका बहुतेक वेळा तसा दिसत नाही. एसटीतून निवृत्त झालेले काका रोज संध्याकाळी जेवणाआधी नाईंटी घेतात, कोणाला त्रास देत नाहीत, साडेआठला झोपतात. मात्र त्यांना रक्तदाबाची गोळी आहे, प्रोस्टेटची आहे, शिवाय झोपेचीही आहे. शेजारच्या घरातली आजी दिवसातून चार वेळा मशेरी लावते आणि आजोबा गेल्यापासून रात्री 'ती अर्धी गोळी' घेते. गाव दोघांनाही व्यसनी म्हणणार नाही. धोका मात्र दोघांनाही आहे. घरभेटीत आपल्याला अशीच माणसं जास्त भेटतात, म्हणून चौकशीचा क्रमही त्यांना धरूनच लावायला हवा.

वयाने शरीरात काय बदलतं, तेही थोडक्यात सांगतो, कारण 'चाळीस वर्षं घेतोय, काही झालं नाही' हे वाक्य तुम्हाला पहिल्याच भेटीत ऐकावं लागेल. वय वाढतं तसं शरीरातलं पाणी आणि स्नायू कमी होतात, चरबीचं प्रमाण वाढतं. दारू पाण्यात मिसळते. त्यामुळे तेवढाच पेला घेतला तरी रक्तातलं तिचं प्रमाण पूर्वीपेक्षा जास्त होतं. डायझेपामसारखी झोपेची औषधं चरबीत साठतात आणि शरीरातून निघायला जास्त वेळ लावतात, म्हणून रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी अंगणात उतरतानाही असते. यकृताचा वेगही मंदावलेला असतो. म्हणजे काकांची सवय तीच राहिली तरी तिचा अंगावरचा भार वाढला.

पहिली पायरी : वेळ आणि जागा

सकाळी दहा-साडेदहाचा सुमार बरा. दुपारी माणूस वामकुक्षी घेतो, आणि तिन्हीसांजेला घ्यायची वेळ जवळ आलेली असते, तेव्हा त्याचं लक्ष तुमच्या प्रश्नांवर नसतं. पडवीत बसवलं तर वाटेने जाणारा प्रत्येक जण 'काय, खय?' करत थांबतो. तेव्हा रक्तदाब मोजायचं निमित्त करून आतल्या खोलीत किंवा मागच्या पडवीत बसा. निमित्त खरंच असू दे, यंत्र न्या आणि मोजा.

माणूस एकटा असताना विचारा, घरच्यांशी वेगळं बोला. सुनेला चुलीपाशी विचारलेलं आणि सासऱ्यांना पडवीत विचारलेलं दोन्ही लिहून ठेवा. दोन्हींत तफावत असेल तर तीही माहितीच असते. पण 'सूनबाई असं म्हणाल्या' हे वाक्य तुमच्या तोंडून कधीच निघता कामा नये. ते एकदा निघालं की त्या घराचा दरवाजा तुम्हाला बंद, आणि सुनेची संध्याकाळ काय जाईल ते वेगळंच.

गावात ज्या नावाने हाक मारतात तीच वापरा. तात्या, आबा, काकी, आजी. मालवणीत विचारलं तर उत्तर मालवणीत आणि बरंचसं खरं येतं.

दुसरी पायरी : गोळ्यांचा डबा

दारूपासून सुरुवात करू नका. ज्या गोष्टीची लाज कमी तिथून चौकशी सुरू करावी, आणि औषधांची लाज कोणालाच नसते. 'तात्यानू, तुमच्या गोळये दाखवा बघू' म्हटलं की माणूस हौसेने डबा आणतो. बहुतेक घरांत तो श्रीखंडाचा नाहीतर बिस्किटांचा असतो. डबा जमिनीवर रिकामा करा आणि प्रत्येक पाकिटाबद्दल पाच गोष्टी विचारा : कशासाठी, कोणी दिली, कधीपासून, रोज किती, आणि वाईट रात्री किती. शेवटचा प्रश्न विसरू नका. 'रोज एकच' म्हणणारी आजी 'झोप नाहीच लागली तर अजून अर्धी' हेही त्याच दमात सांगते.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही नावं वहीत लिहून ठेवा, कारण पाकिटावर कंपनीचं नाव मोठं आणि औषधाचं बारीक असतं. दुखण्यावरचं ट्रामाडोल आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध हीही सवय लावणारी. यांतली अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम, ट्रामाडोल ही १ मार्च २०१४ पासून परिशिष्ट एच-१ मध्ये आहेत. म्हणजे मेडिकलवाल्याने डॉक्टरची चिठ्ठी पाहून, रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वहीत नोंदवून ती द्यायची आणि ती नोंद तीन वर्षं ठेवायची असते. प्रत्यक्षात एक जुनी, घडीवर फाटलेली चिठ्ठी वर्षानुवर्षं चालते. शिवाय चाकरमानी मुलगा गणपतीला येताना सहा महिन्यांचा साठा घेऊन येतो. त्याला ही आईची सेवा वाटते, आणि एका अर्थी ती असतेही. पण मूळ डॉक्टरने गोळी पंधरा दिवसांसाठी लिहिली होती हे मधल्या काळात सगळेच विसरलेले असतात.

पासष्टीपुढच्या माणसांना शक्यतो टाळावीत अशा औषधांची एक यादी अमेरिकेतल्या वार्धक्यतज्ज्ञांची संघटना चालवते. तिला बीअर्स निकष म्हणतात. १९९१ मध्ये मार्क बीअर्स यांनी पहिली यादी केली, आणि २०२३ च्या सुधारित यादीतही झोपेच्या-चिंतेच्या या गोळ्या आहेत. कारणं साधी : पडणं, हाड मोडणं, गोंधळणं, विसरणं.

डब्यात कागदाच्या पुडीतल्या सुट्या, नाव नसलेल्या गोळ्या सापडल्या तर त्या जशाच्या तशा केंद्रावर न्या. आसव-अरिष्टांच्या बाटल्याही बघा. त्यांत आंबण्याने आपोआप तयार झालेला अल्कोहोल असतो आणि लेबलवर तसं छापलेलं असतं. दोन चमचे घेणाऱ्याला काही नाही, पण बाटली आठवड्यात संपत असेल तर ते औषध राहिलेलं नाही.

एक विचारायचंच : 'गोळी दोन दिवस मिळाली नाही तर काय होतं?' घाम, थरथर, जीव घाबरणं, अजिबात झोप न लागणं असं उत्तर आलं, तर शरीराला तिची सवय झाली आहे. अशा माणसाची गोळी घरच्यांनी एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. ती डॉक्टर आठवड्या-आठवड्याने, कधी काही महिने घेऊन, उतरवत नेतात.

तिसरी पायरी : मशेरी, तपकीर, पान-सुपारी

इथेही लाज फारशी नाही, आणि नेमकी म्हणूनच ही सवय कोणी मोजत नाही. मशेरी म्हणजे दात घासणं, अशी समजूत असलेल्या आजीला 'तंबाखू खाता का?' विचारलंत तर ती खरं बोलून 'नाही' म्हणेल. म्हणून 'दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा?' असं विचारा. तपकीर, विडी, तंबाखू-चुना, पान प्रत्येकाचं नाव घेऊन वेगळं विचारा. झोपेतून उठल्यावर किती वेळात पहिली लागते, हा प्रश्न सगळ्यांत उपयोगाचा. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर अवलंबन पक्कं समजावं.

सुपारीबद्दल श्रीवर्धन-मुरूडच्या पट्ट्यात बोलणं अवघड जातं. ज्या झाडावर घर चालतं त्याच्या फळाला धोका कसं म्हणायचं? पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये, तंबाखू नसलेली नुसती सुपारीही माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत धरली आहे. टॉर्चने तोंड बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, किंवा स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नाहीत इतकं कमी उघडणारं तोंड, यातलं काहीही दिसलं तर दंततपासणीला पाठवा. आजी सोडणार की नाही याची वाट बघत थांबू नका.

चौथी पायरी : दारू, आणि तिचं माप

आता दारूचं विचारायला हरकत नाही. गोळ्यांचा विषय निघालेलाच असतो, त्यालाच जोडून घ्या : 'या गोळ्यांबरोबर दारू गेली तर काही गोळ्या बाधतात, म्हणून सगळ्यांनाच विचारते. तुम्ही घेता का कधी?' यातलं 'सगळ्यांनाच' महत्त्वाचं, आणि ते खरंही ठेवा. बायकांनाही विचारा. बाई घेत नसेलच असं धरून चाललेल्या भेटींत कितीतरी जणी सुटतात, कारण त्या घरातच, एकट्याने आणि लपवून घेतात.

उत्तर बहुधा येईल, 'वायच घेतंय, आंग दुखता म्हणान.' हे 'वायच', म्हणजे थोडीशी, मोजणं हे खरं काम. किती पेग घेता ते विचारू नका, घरी ओतणाऱ्याचा पेग कधी एकसारखा नसतो. विचारा, 'बाटली किती दिवस पुरता?'

हिशेब असा. वैद्यकीय मापात एक एकक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. व्हिस्की, रम, ब्रँडी यांत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतो, त्यामुळे ३० मिलीचा लहान पेग म्हणजे जवळपास एक एकक. नाईंटी म्हणजे तीन. १८० मिलीची क्वार्टर, चपटी म्हणा, ती सहा. ७५० मिलीची बाटली पंचवीस. ती पाच दिवसांत संपत असेल तर रोजची पाच एककं झाली, तोंडाने 'दोन पेग' म्हणत असले तरी. आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअर, ६५० मिलीची एक बाटली, हीसुद्धा चार एककं. 'मी हल्ली फक्त बिअर घेतो' या सुधारणेचं कौतुक करण्याआधी हा आकडा आठवा.

देशी, गोव्याहून आलेली, काजूची, अशा सगळ्या बाटल्यांवर टक्केवारी असेल तर ती वाचा. माडीचं माप करणं कठीण. पहाटेची गोड असते, उन्हं चढतील तशी आंबते आणि संध्याकाळपर्यंत बरीच चढलेली असते. म्हणून किती तांबे याबरोबर कुठल्या वेळची तेही लिहा. काजूच्या हंगामात, साधारण मार्च ते मे, दोडामार्ग-सावंतवाडी-वेंगुर्ला भागात काही घरांत बोंडांची दारू हाताशी असते. एरवी आठवड्याला एकदा घेणारा त्या महिन्यांत रोजचा होतो. भेट पावसाळ्यात झाली तरी उन्हाळ्याचं वेगळं विचारावं. हातभट्टीचं माप सांगताच येत नाही, आणि तिच्यात मिथेनॉलचा धोका असतो. प्यायल्यानंतर धुरकट दिसू लागलं तर तडक रुग्णालय.

एककं हातात आली की तीन प्रश्नांची छोटी चाचणी करता येते. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही दहा प्रश्नांची, तिचे पहिले तीन प्रश्न म्हणजे 'ऑडिट-सी'. किती वेळा घेता : कधीच नाही ०, महिन्याला एकदा किंवा कमी १, महिन्यात दोन-चारदा २, आठवड्यात दोन-तीनदा ३, चार किंवा जास्त वेळा ४. घेता तेव्हा किती एककं : एक-दोन ०, तीन-चार १, पाच-सहा २, सात ते नऊ ३, दहा किंवा जास्त ४. एका बैठकीत सहा किंवा जास्त किती वेळा होतात : कधीच नाही ०, महिन्याला एकदापेक्षा कमी १, दर महिन्याला २, दर आठवड्याला ३, रोज किंवा जवळपास रोज ४. पुरुषांत ४ आणि बायकांत ३ गुण झाले की पुढची तपासणी हवी.

आपल्या एसटीतल्या काकांना लावून बघा. रोज घेतात म्हणून ४, नाईंटी म्हणजे तीन एककं म्हणून १, शिमग्याला आणि लग्नात क्वार्टर होते म्हणून १. एकूण ६. गावात कोणाच्या डोळ्यावर न येणारा माणूस चाचणीत ठळक येतो. रोज फक्त साठ मिली घेणाराही ४ वर पोहोचतो, हे ऐकून नवे कार्यकर्ते दचकतात. दचकू नका. चार गुण म्हणजे 'दारुडा' असा शिक्का नव्हे, 'याच्याशी नीट बोलायला हवं' एवढाच त्याचा अर्थ.

ज्येष्ठांसाठी खास बनवलेली दहा प्रश्नांची एक चाचणी अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात तयार झाली, आणि मला घरभेटीत तिचे प्रश्न जास्त कामाचे वाटतात, कारण त्यांना हो म्हणताना माणसाला कमीपणा वाटत नाही. घेतल्यावर भूक लागत नाही म्हणून जेवण टाळता का? हाताची थरथर घेतल्यावर थांबते का? रात्रीचं काही आठवत नाही असं होतं का? जवळचं माणूस गेल्यावर प्रमाण वाढलं का? एकटं वाटलं की घेतल्यावर बरं वाटतं का? दहांपैकी दोन 'हो' आले की डॉक्टरांकडे पाठवायचं. १९८४ पासून सर्वत्र वापरात असलेले 'केज'चे चार प्रश्नही आहेत : कमी करावी असं वाटलं का, कोणी टोकल्यावर राग आला का, अपराधी वाटलं का, सकाळी उठल्याउठल्या लागते का. यातला चौथा नक्की विचारा. अपराधी वाटण्याचा मात्र आपल्याकडे फार उपयोग होत नाही. ज्या घरात राखणीच्या दिवशी देवालाही बाटली दाखवतात, तिथे रोजच्या नाईंटीचा अपराध कोण कशाला मानेल?

श्रावणाचा प्रश्न

हा कुठल्याही छापील चाचणीत सापडणार नाही, पण माझ्या मते कोकणात याच्याइतकं नेमकं दुसरं साधन नाही. 'तुम्ही श्रावण पाळता का? यंदा पाळलात? पहिले चार दिवस कसे गेले?'

गटारी अमावास्येला घेऊन दुसऱ्या दिवसापासून बंद करणारे पुष्कळ आहेत. जो माणूस महिनाभर, नाहीतर गणपती जाईपर्यंत, सहज राहतो, त्याचं शरीर अजून दारूवर अवलंबून नाही. त्याच्याशी बोलून, समजावून काम होतं. जो म्हणतो, 'पूर्वी पाळायचो, हल्ली जमत नाही', त्याला कधीपासून जमत नाही ते विचारा. नेमकं वर्ष मिळतं, आणि बहुतेकदा त्याच वर्षी काहीतरी घडलेलं असतं : बायको गेली, नोकरी संपली, मुंबईची खोली विकून गावी आले. आणि जो म्हणतो, 'तिसऱ्या दिवशी हात इतके कापले की चहा सांडला', किंवा घरचे सांगतात की 'त्यांना भिंतीवर किडे दिसत होते', त्याला आजच तातडीच्या यादीत घाला.

कारण नेहमीची दारू एकदम बंद झाली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात माणूस पूर्ण भ्रमात जाऊ शकतो. घाम, ताप, धडधड, नसलेली माणसं दिसणं, स्वतःच्या घरातच 'मला घरी न्या' म्हणणं. उतारवयात हे जिवावर बेततं. आपल्याकडे याला बाधा समजून गाऱ्हाणं घालण्यात, भगताकडे नेण्यात रात्र जाते. गाऱ्हाण्याला विरोध करत बसू नका, पण गाडी आधी बोलवा : १०८.

हीच गोष्ट रुग्णालयातही होते. आजोबा पावसात शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायरीवरून घसरतात, खुब्याचं हाड मोडतं, कोल्हापूरला किंवा मुंबईला शस्त्रक्रिया होते, आणि तिसऱ्या दिवशी ते नळ्या उपसायला लागतात. भूल बाधली, वय झालं, असं सगळे म्हणतात. ते रोज घेत होते हे दाखल करताना कोणी सांगितलेलंच नसतं, चारचौघांत कसं सांगायचं म्हणून. घरच्यांना हे आधीच बजावून ठेवा : दाखल करताना दारू, झोपेची गोळी आणि तंबाखू, तिन्ही डॉक्टरांना सांगायची. शेवटची कधी घेतली त्या वेळेसकट.

पाचवी पायरी : अंगावर काय दिसतं

व्यसनाच्या खुणा आणि म्हातारपणाच्या खुणा सारख्याच दिसतात, ही या कामातली खरी अडचण. पडणं, विसरणं, भूक जाणं, झोप उडणं, लघवीवर ताबा न राहणं, नडगीवर निळे डाग, गोळ्या चालू असूनही न उतरणारा रक्तदाब. प्रत्येकाला 'वयच झालं' हे उत्तर तयार असतं. तुम्ही फक्त वेळ जुळवून बघा. पडले ते किती वाजता? संध्याकाळी सात ते पहाटे चार या वेळातच पडत असतील, तर संध्याकाळी काय घेतलं ते विचारा.

औषधांच्या जोड्याही याच पायरीवर तपासा. मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन आणि न जेवता घेतलेली दारू यांनी साखर एकदम खाली जाते, आणि घरचे 'चढली आहे' समजून झोपू देतात. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या किंवा अ‍ॅस्पिरिनबरोबर रक्तस्रावाचा धोका, पॅरासिटामॉलबरोबर यकृताचा. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या गोळीने उभं राहताना आधीच चक्कर येते, त्यात दारू आली की रात्री बाहेरच्या संडासापर्यंतचं अंतर धोक्याचं होतं. झोपेची गोळी आणि दारू एकत्र आली तर श्वास मंदावतो. ही शेवटची जोडी दिसली, की एककं कमी असली तरी त्या माणसाला एक पायरी वरच्या धोक्यात धरा.

आशाताईंकडे तिशीपुढच्या प्रत्येकासाठी भरायचा सी-बॅक फॉर्म असतोच. त्यात तंबाखू आणि रोजच्या दारूचा गुण आहे, आणि साठीपुढच्यांसाठी तोल जाणं, नावं विसरणं यांचे प्रश्न आहेत. तो घाईत 'नाही, नाही' करत भरला जातो, हे सगळ्यांना माहीत आहे. वरची चौकशी करून मग तोच फॉर्म भरलात तर वेगळं काही करावं लागणार नाही.

स्मरणशक्तीची चाचणी मात्र ज्या दिवशी घेतलेली नाही त्या सकाळीच करा, आणि तिच्यावरून लगेच कोणाला डिमेन्शिया झाला असं म्हणू नका.

घर एकदा नजरेने बघा. रिकाम्या बाटल्या मोजायला जाऊ नका. चूल पेटलेली आहे का, आज कोण जेवायला आहे, फोनवर शेवटचं कोण बोललं, हे बघा. ज्येष्ठ मद्यपींपैकी साधारण एक-तृतीयांश जणांची सवय उतारवयात सुरू झालेली असते, आणि तिच्यामागे बहुतेकदा निवृत्ती, वैधव्य, आजार किंवा रिकामं घर असतं. कोकणात रिकामी घरं कमी नाहीत. १९८२ च्या संपानंतर गिरणीतून गावी परतलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. मासेमारी थांबवलेले वृद्ध खलाशी बंदरावर फक्त गप्पांना जातात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा त्या गप्पांत तरुणही असतात आणि बाटलीही. उशिरा लागलेली सवय सुटायलाही तुलनेने सोपी, म्हणून ती कधी लागली हे नीट लिहून ठेवा.

मग करायचं काय

थरथर, घाम, भ्रम, फिट, डोक्याला मार, काळी शी किंवा रक्ताची उलटी, 'आता जगून काय करू' असं बोलणं : त्याच दिवशी रुग्णालय. रोज सकाळी लागते, श्रावण जमत नाही, झोपेची गोळी आणि दारू दोन्ही आहेत, वर्षात दोनदा पडले आहेत : याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे. तिथून जिल्हा रुग्णालयात, म्हणजे अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोसला, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातल्या डॉक्टरांकडे. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. त्या नावाची भीती घालवायला दोन-तीन भेटी लागतात, तेवढ्या द्या. बाकीच्यांशी बोलायचं : जेवल्याशिवाय नको, गोळीच्या रात्री नको, आठवड्यातले काही दिवस मोकळे. धाक घालून काही होत नाही. 'नातवाच्या मुंजीला खुबा शाबूत हवा' हे वाक्य यकृताच्या चित्रापेक्षा जास्त काम करतं.

फोनवर मदत हवी असेल तर १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानसचा क्रमांक, १४४४६ व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक, १४५६७ ज्येष्ठांची हेल्पलाइन, आणि तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून चालू आहे आणि मराठीतच बोलणारं आहे.

एक गोष्ट अजिबात करू द्यायची नाही. 'न सांगता जेवणात घालायचं दारू सोडवायचं औषध' आणायचा सल्ला घरच्यांना कोणीतरी देतंच. ते बहुधा डायसल्फिराम असतं. त्यावर दारू प्यायली की चेहरा लाल, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब खाली. हृदयविकार असलेल्या सत्तरीच्या माणसाला यात मृत्यूही येऊ शकतो. ते औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. खोलीत कोंडून दारू तोडणं हा दुसरा आवडता उपाय. त्याचं काय होतं ते श्रावणाच्या भागात आलंच आहे.

डॉक्टरांसाठीची चिठ्ठी

सगळी चौकशी करून शेवटी तोंडी 'पितात हो खूप' एवढंच सांगितलं तर मेहनत वाया जाते. चिठ्ठी अशी लिहा : 'पुरुष, ७१. पत्नीचं निधन तीन वर्षांपूर्वी, एकटे राहतात. व्हिस्की रोज ९० मिली, शिमगा-लग्नात १८०. ऑडिट-सी ६. श्रावण दोन वर्षं जमत नाही, तिसऱ्या दिवशी हाताला थरथर, फिट नाही. अल्प्राझोलाम रोज रात्री एक, तीन वर्षं, मूळ चिठ्ठी जुनी. रक्तदाब व प्रोस्टेटच्या गोळ्या चालू. वर्षात दोनदा पडले, दोन्ही वेळा रात्री. तंबाखू-चुना, उठल्यावर दहा मिनिटांत. तोंडात चट्टा नाही. स्वतः म्हणतात : झोपेसाठी घेतो. मुलगा मुंबईत, फोन करायला हरकत नाही असं सांगितलं.'

शेवटचं वाक्य त्यांना विचारूनच लिहायचं. नको म्हणाले तर तसं लिहा. चिठ्ठी बंद पाकिटात त्यांच्याच हातात द्या, ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिचा फोटो जाणार नाही याची काळजी घ्या, आणि पुढची भेट गटारीच्या आधीच्या आठवड्यात ठरवून ठेवा.